अहिवाऱ्यापलीकडची चांदी

आमच्या घरात त्या काळी सगळेच थकलेले असायचे. बाबा शिफ्टनं थकलेले, आई बाबांच्या शिफ्टनं थकलेली, आणि आमचं मांजर आयुष्यात एक उंदीर न मारताही नाइट करून आल्यासारखं दिवसभर सिगडीमागं आडवं. भिंतीवरचं घड्याळ दुपारी तीनच्या सुमाराला थांबायचं आणि कोणी टिचकी मारली की चालायला लागायचं. मला वाटायचं, तेही घटकाभर डोळा लावून घेत असेल. बाबांचा एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट. नाइटचा आठवडा लागला की आमच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी सकाळ व्हायची. दिवसा कुकरची शिट्टी बंद, बादलीचा आवाज बंद, आणि आई ठेचा कुटायला खलबत्ता घेऊन शेजारच्या साहूबाईंकडे जायची. साहूबाईंचा नवरा वेगळ्या शिफ्टचा, म्हणून आमच्या नाइटला त्यांचं घर जागं असायचं. ठेच्याच्या बदल्यात त्या आईला फरा करायला शिकवत. तांदळाच्या पिठाच्या त्या वाफवलेल्या वळ्या आई जवसाच्या चटणीबरोबर वाढायची, आणि हे छत्तीसगडी खाणं आहे की वऱ्हाडी, यावर बाबा झोपेतसुद्धा वाद घालायचे. झोपेतसुद्धा म्हणते ते खोटं नाही. ते खरंच जेवताना झोपायचे. घास तोंडापर्यंत न्यायचे आणि तिथंच थांबायचे. आई कोपरानं ढोसायची, मग घास पुढं जायचा.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात मिक्सरवर होते. चटणीचा मिक्सर आमच्याकडे पुष्कळ उशिरा आला. हा मिक्सर म्हणजे आमच्या क्वार्टरसारखी चार क्वार्टरं आत मावतील एवढं लोखंडी पिंप. भट्टीतून आलेलं वितळलं लोखंड त्यात ओतून ठेवायचं आणि लागेल तसं पुढं द्यायचं. ते ओतताना धुराबरोबर चकचकीत पापुद्रे उडत, पेन्सिलीच्या शिशासारखे काळसर पण उन्हात चमकणारे. आम्ही त्याला चमकी म्हणायचो. वारा आमच्याकडे फिरला की वाळत घातलेल्या चादरींवर, अंगणातल्या तुळशीवर, साहूबाईंच्या बडीवर, म्हणजे सांडग्यांवर, चमकी बसायची. बाबा घरी यायचे ते लग्नातल्या घोड्यासारखे चमचमत. आई त्यांचे ड्युटीचे कपडे आणि डोक्यातोंडाला गुंडाळायचा जाड दुपट्टा वेगळ्या बादलीत, उकळत्या पाण्यात सोडा घालून धुवायची. पण तेही नेहमी नाही. कंबर दुखली की बादली तशीच राहायची आणि बाबा तोच दुपट्टा झटकून पुन्हा गुंडाळायचे.

त्या वर्षी बाबांना खोकला लागला. बिडीचा, धुराचा आणि वयाचा, असं डॉक्टर म्हणाले, आणि कोणाचा किती ते काही त्यांनी वाटून दिलं नाही. एवढंच म्हणाले की आता मिक्सरचा मजला सोडा. फोरमन भला माणूस. त्यानं स्टोअरमध्ये एक जागा पाहून ठेवली. नऊ ते पाच, रविवारची सुटी, नट-बोल्ट आणि हातमोजे देणं-घेणं. पण जागा संक्रांतीपर्यंतच राहील, मग दुसऱ्याला जाईल, हेही त्यानं सांगितलं. आमच्या घरात त्या दिवशी खरं तर गोड व्हायला हवं होतं. झालं भांडण.

"मी स्टोरमंदी बसून पोट्ट्यायले हातमोजे वाटू काय?" बाबा म्हणाले.

"वाटा ना," आई पोळी लाटता लाटता म्हणाली. "हातमोजे वाटल्यानं आजवर कोनी मेलं नाई."

बाबांचं म्हणणं असं की मिक्सरवरून खाली उतरायचं तर थेट गावी उतरायचं. आर्वीकडे संत्र्याची बाग घ्यायची, झाडाखाली खाट टाकायची आणि भोंगा न ऐकता मरायचं. मधल्या मधे स्टोअरमध्ये थांबायचं नाही. बाग कशानं घेणार, असं आईनं विचारलं की ते छताकडे बघायचे. छताला उत्तर ठाऊक असल्यासारखं मीही बघायची.

ते उत्तर गजभियेकाका घेऊन आले. काका प्लांटच्या आतल्या रेल्वेचं इंजिन चालवायचे, वितळल्या लोखंडाची भांडी ओढून मिक्सरपर्यंत आणायचे, आणि राहायचे खुर्सीपारला. ते आणि बाबा मूळचे एकाच तालुक्यातले. तिकडे त्यांच्या आणि आमच्या वस्तीच्या मधे एक विहीर होती आणि त्या विहिरीवरून काय काय झालं ते काका कधी बोलायचे नाहीत. भिलाईत मात्र ते आमच्या ओट्यावर बसून आईच्या पातोडीच्या रश्शाला नावं ठेवायचे आणि तीन वेळा वाढून घ्यायचे. एका दुपारी त्यांनी रस्सा संपवला, मिशा पुसल्या आणि सांगितलं की अहिवाऱ्याच्या पलीकडे, चुन्याच्या दगडाच्या खाणी संपतात तिथून पुढं, कोण्या गोंड राजाची चांदीची खाण हरवलेली आहे. चुनखडीच्या गाड्यांवरच्या माणसांनी त्यांना सांगितलं होतं. शत्रू चालून आला तेव्हा राणीनं खाणीच्या तोंडावरून नाला वळवला, आणि राजा-राणी-शत्रू सगळे मेल्यावर नाला तसाच वाहत राहिला. खूण एवढीच, की नाला उत्तरेकडे वाहतो आणि काठावर मोहाची सात झाडं आहेत. ही गोष्ट मी पुढं इतक्यांदा सांगितली आहे की ती राणी मला आता चुलत आत्या वाटते. प्रत्येक वेळी मी तिला थोडी उंच करत गेले. परवा नातवाला सांगताना ती हत्तीवर बसली होती. पण काकांनी सांगितली तेव्हा ती पायीच होती, आणि बाबा जेवताना पहिल्यांदा जागे होते.

खाण शोधायची तर दोघांची सुटी एका दिवशी हवी. काकांची मंगळवारी, बाबांची गुरुवारी. प्लांटमध्ये यावर जुना इलाज होता. तू माझी ड्युटी कर, मी तुझी करतो. पण सुटीची अदलाबदल फुकट होत नसे, समोरचा त्याची नाइट गळ्यात मारायचा. म्हणजे एक सुटी मिळवायला बाबा कोणाकोणाच्या नाइटा करायचे आणि कधी कधी एका ड्युटीला दुसरी जोडून सोळा तास उभे राहायचे. "सुटीसाठी ड्युटी करनारा मानूस मी पहिल्यांदाच पाहून राहिली," आई म्हणायची, आणि रागारागानं भाकऱ्या बांधून द्यायची. राग आला की तिच्या भाकऱ्या जास्त मऊ व्हायच्या, म्हणून आम्ही तिला फार समजवायला जात नसू.

मी या कामात कशी आले, तर ड्रायव्हर म्हणून. पहिल्याच फेरीला बाबा स्कूटर चालवता चालवता झोपले आणि एका धानाच्या बांधीत उतरले. भात तेवढा मऊ लागला म्हणून वाचले. मग माझ्याकडे किल्ली आली. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणजे कॉलेजच्या नावावर घरी होते, आणि आमच्या सेक्टरमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या मैदानावर स्कूटर शिकलेली मी एकटीच मुलगी होते. बाकी मुलींना शिकू दिली असती तर मी एवढी फुशारले नसते. मागं बाबा बसायचे. ते कॉलनी ओलांडेपर्यंत झोपायचे, म्हणून मी आमच्या दोघांच्या कंबरेभोवती ओढणीची गाठ मारायची. पुढं मी, मागं माझ्या पाठीवर डोकं टेकून बाबा, आणि बाजूला काका त्यांच्या फटफटीवर. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. एकानं तर आजारी माणूस आहे असं समजून दवाखान्याचा रस्ता दाखवला.

नाले आम्ही किती पालथे घातले ते विचारू नका. त्या मुलखात प्रत्येक नाला कुठं ना कुठं उत्तरेकडे वळतो, आणि मोहाची सात झाडं बघायची तर सातशे दिसतात. पद्धत काकांनी ठरवली होती. नाल्याच्या वळणावरची रेती जर्मनच्या पातेल्यात घ्यायची, पाणी घालून ढवळायची, आणि गढूळ पाणी जाड फडक्यातून गाळायचं. सगळ्यांत जाड विणीचं फडकं म्हणजे बाबांच्या गळ्यातला ड्युटीचा दुपट्टा. मी गेले त्या पहिल्या दिवशी पहिल्याच गाळणीत दुपट्ट्यावर बारीक चकचकीत कण राहिले. आम्ही तिघं डोकी आदळेपर्यंत वाकलो. ऊन पडलं होतं. ते कण असे चमकले की आजूबाजूच्या झाडांना सावल्या पडल्या असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत असे.

आम्ही अगदीच मूर्ख नव्हतो. चमकीची आठवण सगळ्यांत आधी बाबांनाच झाली. "गजभिये, आपली चमकी तं नाई ना?" त्यांनी विचारलं. काकांनी चहूकडे बघितलं. कुठं धूर नाही, भोंगा नाही, आकाश धुतल्यासारखं. "इथं प्लांट कुठं हाये, भाऊ?" ते म्हणाले. "वारा का एवढ्या दूर चमकी घेऊन येईन? सेक्टरपर्यंत येता येता दमते तो." हे पटण्यासारखंच होतं. बोटांवर चोळून बघितलं असतं तर काळं उमटलं असतं, पण बाबांची बोटं मुळातच काळी आणि काकांची तर इंजिनाच्या तेलात मुरलेली. माझ्या बोटांना वंगण लागलं होतं, स्कूटरचा प्लग मीच साफ करायची.

पुढं हिवाळाभर ती चांदी आमच्याशी लपाछपी खेळली. एका आठवड्याला एका नाल्यात भरपूर निघायची, पुढच्या आठवड्याला त्याच नाल्यात काहीच नाही. मग बाबा म्हणायचे, शीर पुढं सरकली, वर चला. वरच्या अंगाला मिळाली की आणखी वर. पहिल्या गाळणीत जास्त, दुसरीत कमी, तिसरीत जवळजवळ नाही. त्याचा अर्थ काकांनी असा लावला की चांदी रेतीच्या वरच्याच थरात आहे, म्हणजे ती वरून वाहून येते, म्हणजे खाणीचं तोंड जवळ आहे. एवढं सुरेख तर्कशास्त्र मी कॉलेजातही ऐकलं नव्हतं. एकदा एका गावाजवळ म्हातारी शेण्या थापत होती. तिनं आमची पातेली, पावडं आणि माझ्या कमरेला बांधलेले बाबा बघितले आणि काय हुडकता म्हणून विचारलं. मी खरं सांगून टाकलं. ती हात न थांबवता म्हणाली, "चांदी? इहाँ तो पानी घलो नइ मिलय, बेटी." इथं पाणीसुद्धा मिळत नाही म्हणणाऱ्या त्याच बाईनं आम्हाला तिघांना प्यायला पाणी दिलं.

आता मी हुडको वसाहतीतल्या घरात, गॅलरीतल्या खुर्चीत बसून हे लिहिते. गुडघे वाजतात. खाली मुलं हिंदीत भांडतात. एवढं आठवून लिहायचं म्हटलं तरी मान दुखते, आणि तेव्हा ते सगळं करून दुसऱ्या दिवशी पहाटे भोंग्यावर उठणारा माणूस मला डोळ्यांसमोर येतो. खाण सापडावी असं मला त्या दिवसांत खरंच वाटायचं का, ते सांगता येत नाही. मला एवढंच वाटायचं की बाबांनी कुठं तरी थांबावं. चांदी मिळून थांबले असते तरी चाललं असतं.

संक्रांत तोंडावर आली. तिळगुळाचा वास घरात आणि फोरमनचा निरोपही घरात, की उद्या सकाळी काय ते सांगा, मग माझ्या हातात काही नाही. त्या दिवशीच्या सुटीसाठी बाबांनी सेकंडला नाइट जोडली होती. सकाळी ते प्लांटच्या गेटमधून निघाले ते घरी न येता थेट माझ्या स्कूटरवर बसले. आंघोळ नाही, कपडे तेच, दुपट्टा तोच. डोळे असे की आत भट्टी पेटवून कोणी दार उघडं ठेवलंय. आई प्लांटच्या गेटपर्यंत भाकऱ्या घेऊन आली होती, तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि भाकऱ्या माझ्या हातात दिल्या.

आणि त्या दिवशी चांदी निघाली ती अशी, की आजवरचं सगळं फिकं. मोहाच्या झाडांखाली, नाल्याच्या वळणावर, पहिल्याच गाळणीत दुपट्टा जरीच्या साडीसारखा झाला. बाबा वाळूत बसले. "हेच तोंड," ते म्हणाले. "हेच खानीचं तोंड. शालू, पोरी, उद्या फोरमनले सांगतो मी, तुमचं स्टोर तुमालेच राहू द्या." आणि दुपट्टा तोंडावर ओढून तिथंच आडवे झाले. झोप लागायला त्यांना अर्धी मांडी घालण्याइतकाही वेळ लागला नाही.

काका खड्डा खणायला लागले. मला दम धरवेना, मी पुन्हा रेती घेतली. पण दुपट्टा बाबांच्या तोंडावर. मग आईनं भाकऱ्या बांधलेलं पांढरं फडकं होतं, ते सोडून झटकलं, चौपदरी केलं आणि त्यातून गाळलं. काही नाही. हातभर अलीकडची रेती घेतली. काही नाही. काकांच्या खड्ड्यातली घेतली. फडक्यावर चिखल, भाकरीचा एक तुकडा, आणि बाकी काही नाही. मला अजून आठवतं, मी तशीच उकिडवी बसून राहिले आणि मागचे आठवडे बोटांवर मोजले. ज्या आठवड्याला आईची कंबर दुखायची नाही आणि ती दुपट्टा सोड्यात उकळून धुवायची, त्या आठवड्याला नाले कोरडे निघायचे. आणि बाबा जितके जास्त दमलेले, तितकी चांदी जास्त. मी उठले, त्यांच्या तोंडावरून दुपट्ट्याचं एक टोक अलगद ओढलं आणि पातेल्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवलं. त्या पाण्यात रेतीचा एक कण नव्हता. चांदी वर तरंगली.

काका पावडं टेकून उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"बोलू नको, पोरी," ते शेवटी हळू म्हणाले. "हिवाळाभर या चांदीवर जगला तो."

"पण नाई सांगितलं तं उद्या फोरमनले नाई म्हनतील ना, काका."

"थे मले समजत नाई काय?" ते म्हणाले आणि पावड्याच्या दांड्याकडे बघत राहिले. "समजते. म्हनून तं सुचून नाई राहिलं."

मी काही ठरवलं असं आता म्हणता येणार नाही. मी पातेलं तीनदा विसळलं, नाल्याच्या वाहत्या धारेतून निवळशंख पाणी भरलं आणि बाबांच्या उशाशी आणून ठेवलं. ते खोकत उठले. मी म्हटलं, बाबा, तोंड धुऊन घ्या, भाकर खाऊ. त्यांनी ओंजळ भरली, तोंडावर मारली, कानामागं हात फिरवला, मिशा पिळल्या. पाणी पातेल्यात पडत होतं. मग त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं.

"पाहा बे गजभिये," ते म्हणाले, "आता तं नुसत्या पान्यातई आली."

बाबांनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. मग पातेल्यात. मग ते स्वतःच ते पाणी ओतून आले, नवं भरलं, आणि डोकं बुडवलं. पुन्हा चांदी. शर्टाची बाही बुडवली. पुन्हा. भट्टीवाला माणूस हे काम किती सावकाश करतो ते मी तेव्हा बघितलं. एकेक वस्तू बुडवायची, थांबायचं, बघायचं. शेवटी ते पातेल्यावर वाकून बसले.

"हे तं आपलीच चमकी होय," ते म्हणाले.

"खान सापडली, भाऊ," काका म्हणाले. "पत्ता तेवढा चुकला."

बाबांना हसू आलं. ते हसले ते अगदी मनापासून, खांदे हलवत, आणि मग त्या हसण्याचा खोकला झाला. तो खोकला मोहाच्या झाडांतून फिरून आमच्यापर्यंत परत येत होता. काकांनी त्यांची पाठ चोळली. पुष्कळ वेळानं खोकला थांबला. बाबांनी पातेल्यातलं पाणी बोटानं हलवलं, तरंगणारे कण गोल फिरले.

"हे वरचं होय," ते म्हणाले. "आत किती असंल मंग?"

काकांनी तोंड फिरवलं. मी भाकऱ्या घेतल्या. फडकं ओलं झालेलं, म्हणून पळसाच्या पानांवर वाढल्या. बाबांनी एक अख्खी खाल्ली, वर ठेचा मागून घेतला, आणि घास कुठंही थांबला नाही. काकांनी खड्डा बुजवला. का बुजवताय म्हटलं तर म्हणाले, कोनाचं जनावर पडंल.

परतताना मी ओढणी बांधायला घेतली तर बाबा म्हणाले, राहू दे, झोप नाई येऊन राहिली. ते नुसतेच मागं बसले, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून. अहिवारा गेलं, चुन्याच्या दगडानं भरलेल्या ट्रकांची धूळ गेली, आणि दुरून प्लांटच्या चिमण्या दिसायला लागल्या. आमच्या अंगावर ऊन तिरपं आलं होतं. बाबांनी काहीतरी विचारलं, वाऱ्यानं मला ऐकू आलं नाही. मी स्कूटर हळू केली.

"स्टोर नऊलेच उघडते ना वं?" ते म्हणाले. "का साडेनऊले?"

"नऊले," मी म्हटलं.

"मंग सात वाजेपर्यंत झोपलं तं चालंल," ते म्हणाले.